चवथीला दिलेली खेळणी, अकरा महिन्यांनंतर

गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, मी घरातल्या पाच पोरांसाठी मिळून दोन हजारांची खेळणी नेली होती. माणशी चारशे, वर एक रुपया नाही, असं रत्नागिरीहून निघतानाच ठरवलं होतं. आता जुलै संपत आलाय. परवा वहिनीचा फोन आला, “माळ्यावरची टोपली काढलंय. ह्यातला काय ठेवचा नि काय टाकूचा, ता तूच येऊन सांग.” गेले, टोपली पडवीत ओतली आणि तिथेच बसले. हा त्या टोपलीचा हिशेब.

आधी घर कसं आहे ते सांगते. वेंगुर्ल्यापासून थोडं आत, पण खारा वारा पडवीपर्यंत येतो. थोरल्या दादाची मनी चार वर्षांची. धाकट्या भावाचे दोघे, सहाचा ओम आणि दीडचा बाबू. बहिणीची जुळी सात वर्षांची, राहतात कुडाळला, पण शनिवार-रविवार मुक्काम इथेच. म्हणजे डब्यावर ‘३+’ लिहिलेलं असो की ‘६+’, पडवीत एकदा ओतलं की सगळं बाबूच्या तोंडात जाणार. दुकानात उभी असताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी वय बघून घेत होते, घर बघून नाही.

सगळ्यात आधी मेली ती बोलणारी पाटी. तीनशे नव्वद रुपये. बटण दाबलं की कुणीतरी बाई नाकातून ‘ए फॉर ॲपल’ म्हणते. मनीने दोन दिवस ती ऐकली, तिसऱ्या दिवसापासून झोपलेल्या ओमच्या कानाशी नेऊन वाजवायला लागली. शिक्षण तिथेच संपलं. दिवाळीनंतर बाईचा आवाज बसला. झाकण उघडलं तर सेलच्या घरातल्या स्प्रिंगा हिरव्यागार. दादाने लिंबू चोळून, पॉलिश पेपर मारून महिनाभर चालवली, मग ती कायमची गप्प झाली. समुद्राजवळ राहत असाल तर सेलवरची स्वस्त खेळणी घेऊच नका. पैसे फुकट जातात, बाकी काही नाही.

त्याच खरेदीत एक दिवा लागणारी भिंगरीही होती, तिची गोष्ट मात्र गंभीर. आत बटणासारखे चपटे सेल, आणि झाकणाला स्क्रूच नाही, नखाने उघडतं. असा सेल पोटात गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. मी ती परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, “काय होत नाय ओ, सगळे नेतत.” पैसे दिले नाहीत. भिंगरी मी तिथेच टेबलावर ठेवून आले. त्यानंतर खोक्यावरचा आयएसआय मार्क बघायची सवय लागली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांना मानक क्रमांक आयएस ९८७३, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यांना आयएस १५६४४, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानदाराला राग येतो, येऊ दे.

जुळ्यांना महाराष्ट्राचा नकाशा दिला होता, पुठ्ठ्याचा, जिल्ह्याजिल्ह्याचे तुकडे जोडायचे. कल्पना उत्तम. पण जोडून झाल्यावर आबांनी चष्मा लावला आणि विचारलं, पालघर खंय? पालघर नव्हतंच. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला, आणि खोक्यातलं ठाणं अजून डहाणूपर्यंत पसरलेलं. मग आबा सुरू झाले, आमच्या पुस्तकात सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो १९८१ सालचा. जुळ्यांना तुकडे जोडण्यापेक्षा ह्या गोष्टीच जास्त आवडल्या, त्यामुळे चुकीचा नकाशाही अर्धा वसूल झाला. पुढे पावसाने घात केला. जूनमध्ये पुठ्ठ्याचे पदर सुटले, कडा फुगल्या. रत्नागिरी इतकी फुगली की सिंधुदुर्ग तिच्या शेजारी बसेना. आबांना याची भारी मजा. मी मात्र ठरवलं, इथे कोडं द्यायचं तर लाकडाचं किंवा फोमचं. पुठ्ठ्याचं दिलंच तर मे संपताना घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ठेवायचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सावंतवाडीला उतरून चितारआळीतून मनीसाठी लाकडी फळं-भाज्यांचा संच घेतला होता. आंबा, केळं, सीताफळ, वांगं, मिरच्या, एक लाल सफरचंद, सोबत वीतभर पोळपाट-लाटणं. खरं सांगायचं तर मला ते शोभेचं वाटलं होतं, चार दिवसांत कपाटावर जाईल असं. अकरा महिने ते जमिनीवर आहे.

पहिला आठवडा फळांची नावं. नंतर मनीने ती नावं टाकून दिली. केळं झालं सुरमई, वांगं पापलेट, मिरच्या म्हणजे सुंगटां (कोळंबी), आणि पोळपाट उपडा घालून त्यावर मासे मांडून ती उंबऱ्यात बसायला लागली. डोक्याला आईचा रुमाल. “घे गो बाय, ताजा आसा.” गिऱ्हाईक ओम. तो शंभराची नोट म्हणून फणसाचं पान द्यायचा आणि सुटे परत मागायचा. पहिल्या दिवशी मनीने पानाचे चार तुकडे करून त्याला तीन परत दिले. ओम रडत आत गेला, वहिनीला विचारून आला, आणि मग दोघं बरोबर हिशेब करायला लागली. जुळी आली की भाव पाडायची. बाबू लाटण्याने सगळ्यांना मारायचा, हाही त्याच्या वयाचा उपयोगच. एकाच टोपलीत पाचही वयांना आपापलं काम मिळालं.

दोष आहेत, लपवत नाही. रंगाची परीक्षा मी उशिरा केली. पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक फळावर घासलं. आंबा, केळं, वांगं स्वच्छ. सफरचंदाचा लाल रंग फडक्याला लागला. ते सफरचंद बाबूपासून लांब, देवघराच्या फळीवर गेलं. सीताफळाचा देठ दुसऱ्या महिन्यात निखळला. देठ केवढा ते बघायला आबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाचा डबा कामाला आला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, रिळाचा डबा साधारण तेवढाच. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. देठ अगदी आरामात मावला. मिरच्याही मावल्या, म्हणून बाबू जागा असेपर्यंत सुंगटां बाजारात येत नाहीत. जूनमध्ये पोळपाटाच्या खालच्या बाजूला, जिथे रंग नव्हता तिथे, पांढरी बुरशी धरली. पुसून चुलीवरच्या फळीवर आठवडाभर ठेवला, गेली.

प्लास्टिकचे अडकवायचे ठोकळे ओमला दिले होते, साठ होते, एकोणपन्नास उरलेत, बाकीचे व्हाळाला (ओढ्याला) गेले. खारी हवा, पाऊस, बादलीतली धुलाई, कशाचंच त्यांना काही नाही. जत्रेतून आणलेले स्वस्त ठोकळे मात्र दोन महिन्यांत सैल पडले, तेव्हा दुकानात दोन जोडून, उलटे धरून हलवून बघा. पाटी आणि खडूबद्दल काय लिहायचं, ती आहेच.

आणि एक वस्तू मी दिलेलीच नव्हती. वहिनी अंगणवाडीत सेविका. उत्तर कोकणात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं. शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलांना शिकवायची ती रीत वहिनीच्या हाडात आहे. तिने मनीला जुना मिसळणाचा (मसाल्याचा) डबा दिलाय, आतल्या वाट्यांत शिंपले, सागरगोटे, चिंचोके. मनी ते वेगळे करते, मोजते, परत मिसळते. बाबू झोपल्यावरच, अर्थात. वहिनीचा एकच दंडक, गुंजा घरात आणायच्या नाहीत. दिसायला सुंदर, पण फुटलेली गुंज विषारी.

या चवथीला मनीला नवा स्टीलचा मिसळणाचा डबा नेणार आहे, रिकामा. जुळ्यांना लाकडी कोडं, पालघर मोजून. बाबूला लाकडी खुळखुळा, बिनरंगाचा. आणि काल चितारआळीत विचारून आले, लाकडाचा बांगडा करून द्याल का. कारागीर हसले, म्हणाले, आंबे किती देऊ ते सांगा. मनीला अजून हे कळवलेलं नाही.