तरुण बंदी पालक आणि त्यांची मुले : कोल्हापुरातील एका पुनर्वसन सेवेचे परीक्षण

या सेवेचा लाभ ज्याला होतो तो तिचे पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो त्याला ती कधी वापरावी लागत नाही. हॉटेल आवडले नाही तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. येथे गिऱ्हाइकाला तशी सोय नाही, आणि बहुधा म्हणूनच अशा सेवांवर कोणी अभिप्राय लिहीत नाही. मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची फौजदारी कामे पाहतो. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. त्या वाटेने माझ्याकडे आलेल्या काही पक्षकारांची कुटुंबे मी या संस्थेकडे पाठवली आहेत. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे, आणि त्या तक्रारीचा मोठा भाग संस्थेपेक्षा तिला मिळणाऱ्या निधीच्या अटींकडे जातो.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. कळंबा मध्यवर्ती कारागृहात असलेल्या तिशीच्या आतील आई-वडिलांशी आणि बाहेर राहिलेल्या त्यांच्या मुलांशी संस्था संपर्क ठेवते. आत पालकत्वाचे वर्ग आणि समुपदेशन होते, बाहेर मुलांच्या शाळेची आणि कागदपत्रांची मदत मिळते, भेटीच्या दिवशी प्रवासखर्च दिला जातो, आणि सुटकेनंतर काही महिने पाठपुरावा करण्याचे आश्वासन असते. खर्च एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, वर्षाच्या करारावर चालतो. कार्यालय म्हणजे दोन खोल्या. कर्मचारी तीन, त्यांपैकी दोन समाजसेविका, ज्यांना कुटुंबे ‘ताई’ म्हणतात. तिसरे गृहस्थ माहितीपत्रकात ‘क्षेत्रीय समन्वयक’ आहेत, पण सगळी कुटुंबे त्यांना नुसते ‘दादा’ म्हणतात.

माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हे दादाच आहेत, आणि माहितीपत्रकात त्यांच्या कामाला एक ओळही नीट मिळालेली नाही. चंदगड तालुक्यातील एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा चोवीस वर्षांचा, खटला सुरू, सून माहेरी निघून गेलेली आणि चार वर्षांची नात आजीच्या पदरात. आजींचा प्रश्न जामिनाचा होता, पण बोलता बोलता कळले की नातीचे आधार कार्डच नाही. पाच वर्षांखालील मुलाचे आधार काढताना आई किंवा वडिलांचे आधार आणि अंगठा लागतो. वडील कळंब्यात, आई बेळगावकडे. आधार नाही म्हणून बँकेत खाते नाही, आणि खाते नाही म्हणून बालसंगोपनाच्या सरकारी मदतीचा अर्ज नाही. दादा स्वतः सुनेच्या माहेरी गेले, तेथे भांडण उकरून न काढता ‘एक दिवस पोरीसाठी या’ एवढेच बोलले, तिला आधार केंद्रावर घेऊन आले आणि अंगठा झाल्यावर परत एस.टी.त बसवून दिले. समुपदेशनाच्या कितीही बैठकांनी जे झाले नसते ते त्या एका दुपारी झाले.

पुढची साखळीही त्यांनीच जोडली : शाळेचा किंवा अंगणवाडीचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, वडील कारागृहात असल्याचा कारागृह अधीक्षकांचा दाखला, मग बालकल्याण समितीपुढे हजेरी आणि घरी येऊन होणारी गृहचौकशी. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना मुलामागे दरमहा २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. मूल कोणत्या योजनेत बसते आणि अर्ज कोठे टाकणे शहाणपणाचे, हे सांगणारा माणूस गावात नसतो. वकिलालाही, खरे सांगायचे तर, त्यात फारसे स्वारस्य नसते, कारण त्याचा पक्षकार आत असतो आणि मूल हे कुठल्याही खटल्यात पक्षकार नसते.

दुसरी चांगली बाजू भेटीची. एरवी कारागृहातली भेट, जिला तेथे ‘मुलाखत’ म्हणतात, ती म्हणजे मधे काच किंवा जाळी, हातात रिसीव्हर आणि मागे रांग. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या रिसीव्हरमधला आवाज आणि काचेपलीकडचा चेहरा एकाच माणसाचे आहेत हेच उमगत नाही. कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ उपक्रम, ज्यात मुले आई-वडिलांना समोरासमोर भेटतात, हा सरकारी आहे आणि त्याचे श्रेय सरकारलाच दिले पाहिजे. संस्था त्यात भर घालते ती तयारीची. आदल्या दिवशी ताई मुलाला काय दिसेल, पोलीस का असतील, बाबा बरोबर का येणार नाहीत, हे सांगून ठेवतात. ‘पोरगी बापाला वळखंल का ओ सायेब?’ हा चंदगडच्या आजींचा खरा धसका होता. त्यांच्या नातीने पहिला बराच वेळ बापाकडे पाठ करून काढला आणि ताईंनी तिला वळवण्याची घाई केली नाही. नंतर त्यांनी एक कोरा कागद जमिनीवर ठेवला, मुलीला त्यावर उभे केले आणि बापाच्या हातात पेन्सिल दिली. त्याने तिच्या पावलाची कड काढली, तारीख घातली आणि कागद घडी करून ठेवला. प्रत्येक भेटीत हे करतात. पुढच्या कागदावर पाऊल किती पुढे सरकले ते मुले स्वतःच दाखवू लागतात, आणि ‘अभ्यास करतेस ना’ या प्रश्नापलीकडे बोलायला काहीतरी मिळते. एवढ्या साध्या युक्तीला खर्च एका कागदाचा.

प्रवासखर्चाबाबत मात्र हात आखडता आहे. मूळ तिकीट दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. आजींना २०२३ पासूनच्या महिला सवलतीमुळे निम्मेच तिकीट पडते हे खरे, पण फाट्यापर्यंत वडापने, म्हणजे खासगी प्रवासी जीपने, यावे लागते आणि वडापवाला तिकीट देत नाही.

पालकत्वाच्या वर्गांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पुस्तिका छापील आहे, भाषा भाषांतरित वाटते, शेवटी प्रमाणपत्र आहे. या प्रमाणपत्राचे मूळ बहुधा परदेशी नमुन्यात असावे. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याप्रमाणे मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी संगोपनात राहिले, तर काही अपवाद वगळता, पालकाचे हक्क संपुष्टात आणण्याचा अर्ज सरकारी यंत्रणेला करावा लागतो. अशा वेळी ‘मी पालकत्वाचा वर्ग पूर्ण केला’ हा कागद न्यायाधीशापुढे ठेवण्याला अर्थ असतो. आपल्याकडे मूल बहुतेक वेळा आजीकडे किंवा मामाकडे जाते, आणि त्या प्रमाणपत्राची विचारणा कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा वेळ आणि पैसा दादांना एक मदतनीस देण्यात गेला असता तर बरे झाले असते.

छायाचित्रांबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवतो. देणगीदाराच्या फलकापुढे मुलांना उभे करून फोटो काढले जातात. अहवालात चेहरे पुसट केलेले असतात, पण शाळेचा गणवेश आणि त्यावरचा बिल्ला स्वच्छ दिसतो. लहान गावात तेवढे पुरते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते, आणि ते शाळेच्या नावालाही लागू आहे. मी हे तोंडी सांगितले, मग लेखी दिले. त्यानंतरच्या अहवालात गणवेश झाकला गेला, फलक मात्र राहिला.

आता मुख्य दोष. ही सेवा सुटकेची तारीख आधीपासून माहीत असलेल्या माणसासाठी रचलेली आहे, आणि आपल्या कारागृहातील बहुसंख्य माणसांना ती तारीख माहीत नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन (खटल्याचा निकाल अजून न लागलेले) होते. अमेरिकेत २००८ च्या ‘सेकंड चान्स’ कायद्याखाली सुटकेनंतरच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमांना अनुदान मिळते आणि तेथील न्याय खात्याने तरुण बंदी आई-वडील व त्यांच्या मुलांसाठी वेगळी अनुदानेही दिली आहेत. पण तेथील आराखडा मुख्यतः शिक्षा भोगणाऱ्याचा आहे. सुटकेच्या कित्येक महिने आधी काम सुरू करायचे, घर आणि नोकरी पाहायची, मग दारात घ्यायला जायचे. आपल्याकडे न्यायाधीन बंद्याची सुटका म्हणजे जामिनाचा आदेश, जामीनदाराचा सातबारा किंवा पगारपत्रक, हमीपत्र आणि कारागृहाकडे जाणारा सुटकेचा आदेश. या सोपस्कारांत कधी एक दुपार जाते, कधी महिना जातो, आणि आदेश पोहोचला की माणूस त्याच दिवशी हातात पिशवी घेऊन कळंब्याच्या रस्त्यावर उभा असतो.

चंदगडच्या आजींचा मुलगा असाच सुटला. गावात तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून तो मित्राबरोबर इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. आजींना शेजाऱ्यांकडून कळले, आणि संस्थेला आजींकडून, तेही बऱ्याच दिवसांनी. पावलांचे कागद ज्या बापाने जपले तो बाहेर आल्यावर मुलीला भेटायला गेला नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यासाठी ही सेवा आहे असे माहितीपत्रक सांगते. संस्थेच्या ताईंना मी विचारले तेव्हा उत्तर प्रामाणिक होते : आम्हाला आत गेलेल्यांची यादी मिळते, बाहेर आलेल्यांची मिळत नाही. यावर उपाय नाही असे नाही. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा निर्देश आहे. म्हणजे जामिनाच्या माहितीची एक वाट आधीच आखलेली आहे. तिच्यावर या संस्थेचा एक फोन क्रमांक जोडणे हे पत्रव्यवहाराचे काम आहे, अनुदानाचे नव्हे.

निधीच्या वर्षाचा प्रश्न वेगळा. करार मार्चअखेर संपतो, नवा होईपर्यंत एप्रिल-मे कोरडे जातात, आणि शाळांचे प्रवेश नेमके तेव्हाच असतात. एका वर्षी दादांचा पगारच दोन महिने थांबला होता आणि ते पदरमोड करून फिरत होते. कंपनीला वर्षाचाच करार करण्याची कायद्याने सक्ती नाही. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे आणि तो सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. संस्थेने ते मागायला हवे, आणि मुळात अहवालात ‘आत किती जणांनी वर्ग पूर्ण केला’ याऐवजी ‘बाहेर किती मुलांचे अर्ज मंजूर झाले’ हे पहिल्या पानावर छापायला हवे. बाहेरच्या मुलांची मोजणी तशीही कोणी करत नाही. २०२२ च्या त्याच राष्ट्रीय अहवालात आईजवळ कारागृहात राहणाऱ्या १,७६४ मुलांची नोंद आहे, कारण ती भिंतीच्या आत आहेत; भिंतीबाहेर राहिलेल्यांसाठी त्यात रकाना नाही. अमेरिकेत २०१६ च्या सर्वेक्षणातून कारागृहांतील पालकांच्या अल्पवयीन मुलांचा अंदाज सुमारे १४.७ लाख असा काढला गेला. तेथील कार्यक्रमांचे इतर सगळे जसेच्या तसे उचलण्यापेक्षा ही मोजण्याची सवय उचलली असती तर अधिक उपयोग झाला असता.

कुटुंबापासून न तोडता शिक्षा भोगू देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही, हेही येथे नोंदवायला हवे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये, स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली आणि तेथे बंदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. अर्थात ती सोय शिक्षा झालेल्या निवडक बंद्यांची. न्यायाधीन तरुणाला तिचा उपयोग नाही.

गुण द्यायचेच तर कागदपत्रांच्या मदतीला पाचपैकी पाच, भेटीच्या तयारीला साडेचार, वर्गांना दोन आणि सुटकेनंतरच्या पाठपुराव्याला एक. शिक्षा झालेल्या आणि सुटकेची किंवा संचित रजेची (शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या ‘फर्लो’ रजेची) तारीख माहीत असलेल्या पालकाच्या कुटुंबाने ही सेवा निःशंक घ्यावी. न्यायाधीन बंद्याच्या कुटुंबानेही घ्यावी, पण पाठपुरावा होईल हे गृहीत न धरता. जाताना मुलाचा जन्मदाखला, रेशनकार्ड, आजी-आजोबांचे आधार आणि खटल्याचा क्रमांक लिहिलेला कागद बरोबर न्यावा. ताईंऐवजी दादांची वेळ विचारून जावे, ते मंगळवारी सहसा तहसीलमध्ये असतात. माझ्या पक्षकारांच्या जामीनदारांना मी आता संस्थेचा क्रमांक हमीपत्राच्या प्रतीवर लिहून देतो आणि सुटकेचा आदेश गेला की त्याच दुपारी फोन करायला सांगतो, कारण सध्या तरी ती बातमी संस्थेपर्यंत पोहोचवणारे दुसरे कोणी नाही.