बुटातलं गुप्तधन

आमचं शेत धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या शिवाराजवळ. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातली बाजारपेठ. तिथल्या पांढरीत अजून खापरं आणि मणी निघतात. त्यात रझाकारांच्या धामधुमीत कुणी कुठं हंडे पुरले याच्या गोष्टी घरोघर. अशा मुलखात गुप्तधनाची थाप मारायला फार अक्कल लागत नाही. तरी ती पचवणारा मीच निघालो, आणि माझी बी.एस्सी. फिजिक्समधली आहे, हे लिहायलाच लाज वाटते.

खरं तर मी गुप्तधनाच्या मागं नव्हतो. सोयाबीन काढणीत आईच्या डोरल्याचा दोरा तुटला. काळे मणी ओट्यात मिळाले, सोन्याच्या दोन वाट्या गेल्या. दोन दिवस धसकटांतून हात सोलवटून घेतले. मग कुणीतरी धातू शोधायच्या मशीनवाल्याचा, म्हणजे मेटल डिटेक्टरवाल्याचा नंबर दिला. तीन हजार रुपये ठरले.

माणूस आला तो कानाला हेडफोन, पायात घोट्याच्या वर जाणारे जाडजूड बूट. ‘सापकिरडू असतं दादा,’ म्हणाला. पटलं. घोणस आमच्याकडं निघतेच. आम्ही सगळे मशीनच्या तबकडीकडं बघत होतो. माणसाच्या पायाकडं कोण बघतं?

तासभर काही नाही. मग बांधावरच्या लिंबाखाली मशीन कुईं करून ओरडलं. त्यानं हेडफोनची पिन काढली, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. जागेवर लिंबाची डहाळी खोचली, लांब गेला, परत आला. डहाळीपाशी पुन्हा कुईं. असं तीनदा. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘वाट्या न्हाईत ह्या. मोठं हाय, आठ-धा फुटांवर. ह्या मशीनचं काम न्हाई, हैदराबादहून मोठं आणावं लागंल. तहसीलला कळलं तर सरकारजमा, तवा फोन-पे नको, रोखीनं करू.’

पंचवीस हजार मागितले. मी घुटमळलो तर हसून म्हणाला, ‘इश्वास नसंल तर हे मशीन ठिवा तुमच्याकडं.’ तिथं मी विकलो गेलो. तिसऱ्या दिवशी फोन बंद.

भाचा लातूरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला, त्यानं मशीन हातात घेतलं आणि म्हणाला, ‘मामा, हे सहा-सात हजाराच्या वर नाही.’ अंगणात लावून बघत होतो तेवढ्यात आई चहा घेऊन अनवाणी आली. तबकडीजवळ पाय पडला आणि मशीन किंचाळलं. आई दचकून मागं. ‘माझ्या पायाला कशाला वरडायलंय हे?’

तिची जोडवी! मी भाच्याकडं बघितलं आणि मला ते बूट दिसायला लागले. दरवेळी डहाळीपाशी त्याचा उजवा पाय पुढं असायचा आणि तबकडी अंगठ्यावरून जायची. गल्लीतला एक पोरगा कारखान्यात जातो, त्याचे सेफ्टी शूज आणले. पुढं लोखंडी टोपी असलेले. ते घालून लिंबाखाली उभा राहिलो. मग काय, म्हणाल तिथं हंडा.

हे मशीन साधं आहे. तबकडीतली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, जवळच्या धातूत त्यानं भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह उठतात, दुसरी गुंडाळी ते पकडते. मशीनला ‘जमिनीतलं’ आणि ‘पायातलं’ असा भेद कळत नाही. अशा हातातल्या मशीनला नाणंसुद्धा वीतभर खोलीच्या आसपासच लागतं, आमच्या वाट्यांसारखी चिमुकली चीज त्याहून वर असावी लागते. आठ-दहा फूट ऐकलं की तिथंच पाहुण्याला बसस्टँडवर सोडून यायचं. आमच्या जमिनीत बेसाल्टमधून आलेली लोहखनिजं आहेत, त्यामुळं तबकडी वर-खाली करून मशीन आधी जमिनीशी जुळवून शांत करावं लागतं. त्यानं ते केलंच नव्हतं, वर बटण ‘सगळे धातू’वर.

म्हणून मशीनवाला बोलावलाच, तर आधी त्याला अनवाणी चालवा. निदान साध्या रबरी गमबुटात, तेही एकदा तबकडीखालून फिरवून. मशीन धरलेल्या हातातलं कडं, घड्याळ काढायला लावा. पट्ट्याचं बक्कल, खिशातल्या किल्ल्या, मोबाईल बाजूला. मोबाईल धातू म्हणूनही त्रास देतो आणि त्याच्या लहरींनीही मशीन कुरकुरतं. फावडं दहा पावलं लांब टाकायचं. आपल्याकडच्या नाल मारलेल्या, खिळे ठोकलेल्या वहाणाही नकोत. आणि घरच्या बायका जोडवी-पैंजण घालून तबकडीच्या आसपास फिरत असतील तर मशीनवाल्याला बूटही लागणार नाहीत.

एवढं शिकूनही मी पुन्हा फसलो, हे सांगायला हवं. धसकटांवर चालायला बूट हवेत म्हणून संभाजीनगरच्या एका दुकानातून ‘फायबर टोपी, धातू अजिबात नाही’ असे बूट साडेअठराशेला आणले. दुकानदारानं टोपीला लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. घरी मशीनखाली धरले तर तळवाच बोंबलला. टाच ते चवडा आत पत्रा होता. चुंबक फक्त पुढं लावलं होतं. शिवाय ॲल्युमिनियमला आणि काही स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतच नाही, त्यामुळं चुंबकाची परीक्षा अर्धीच. दुकानदारानं परत घेतले नाहीत. ‘वापरलेत तुम्ही.’

पोलिसांत गेलो. रोख दिल्यामुळं मागमूस काही नव्हता, तक्रार मात्र लिहून दिली. ‘सरकारजमा’ची भीती घालून आपल्याला गप्प बसवतात, त्याबद्दल एवढंच: गुप्तधनाचा कायदा 1878 चा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, लपवलं तर शिक्षा आहे. म्हणजे जो ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, तो आपल्याला गुन्ह्यातही ओढत असतो.

वाट्या मिळाल्या नाहीत. मशीननं आतापर्यंत कोळप्याची तुटकी पास, ट्रॅक्टरचे तीन बोल्ट आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं शोधून दिली. गावात कुणाचं डोरलं, अंगठी हरवली तर आता मला बोलावतात. मी जातो, पैसे घेत नाही. चपला बांधावर काढून ठेवतो आणि घरच्यांना म्हणतो, आधी माझ्या पायावरून मशीन फिरवा.