महाविद्यालयातील समुपदेशन केंद्राचा अनुभव
शाळेतून महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच चाचणीत गुण घसरले आणि मुलगी वर्गात जाणेच टाळू लागली, तेव्हा आम्ही तिथल्या समुपदेशन केंद्राची मदत घेतली. समुपदेशक बाईंनी उपदेशाचा एकही शब्द न काढता तिला कोरा कागद दिला आणि परिस्थिती, स्वतःची बलस्थाने, आधार देणारी माणसे व हाताशी असलेले उपाय असे चार रकाने भरायला सांगितले. आयुष्यातल्या मोठ्या बदलांना माणूस कसा सामोरा जातो हे मांडणाऱ्या, अमेरिकी समुपदेशनतज्ज्ञ नॅन्सी श्लॉसबर्ग यांच्या स्थित्यंतर-सिद्धान्ताचीच ही चौकट. आधाराचा रकाना रिकामा राहिला, आणि खरी अडचण अभ्यासाची नसून एकटेपणाची आहे, हे तिचे तिलाच उमगले. तिच्या परवानगीशिवाय आम्हालाही काही सांगितले गेले नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. मात्र परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे नेमकी गरज असताना, भेटीची वेळ मिळत नाही; तिथे आणखी समुपदेशक नेमायलाच हवेत.