कानबाईच्या विसर्जनाला डीजे की ढोल?

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी आली की तिच्या विसर्जनाला डीजे की ढोल हा वाद ठरलेलाच. पण मोठा आवाज आणि जाड आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी बघा. कंपन किती जोरात यावर आवाज लहान-मोठा ठरतो, सेकंदाला किती वेळा होतं यावर पट्टी, म्हणजे आवाज जाड की बारीक, ते ठरतं.

डीजेचा बेस, म्हणजे जाड आवाज, साधारण ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० कंपनं), हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो म्हणजे एक लाट जवळपास ७ मीटर लांब, ती भिंतीआड पण घुसते आणि खिडकीच्या काचेची किंवा पत्र्याची स्वतःची कंपनं तिच्याशी जुळली की पत्रा थडथड वाजायलाच लागतो, यालाच रेझोनन्स म्हणतात. त्यात १० डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) वाढले की ऊर्जा १० पट!

ढोलात पण रेझोनन्सच आहे, चामड्यासोबत आतली हवा घुमते, पण थाप पडली की आवाज लगेच विरतो, कानाला तेवढीच उसंत. डीजेचा बेस मात्र तासन्‌तास सलग. गल्लीत म्हातारी माणसं, तान्ही लेकरं असतात हो, म्हणून माझं मत ढोलालाच. डीजे लावायचाच तर मोकळ्या मैदानात लावा, तिथे अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, अरुंद गल्लीत भिंती तेवढं होऊ देत नाहीत.