तीन हजारांची मेंबरशिप आणि एक बाकडं

मेंबरशिप संपतेय, रिन्यू करा, असा गॅलरीचा मेल आलाय. करायची की नाही ते ठरत नाहीये, म्हणून वर्षभराचं सगळं एकदा लिहूनच काढते. गॅलरीचं नाव मुद्दाम देत नाही. मुंबईत फोर्टातली जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, ट्रस्टवर चाललेली जागा, चित्रं विकत नाहीत, एवढं पुरे.

प्रवेश सगळ्यांना फुकट आहे. मग ३,००० रुपये कशाचे, हे घरी मला रोज ऐकावं लागलं. "सताड उघड्या दारातून पैसे मोजून कोण आत जातं?" इति आमचे हे. मेंबरला मिळतं ते असं: ओपनिंगच्या आदल्या दिवशी क्युरेटरबरोबर (म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याबरोबर) फेरी, कॅटलॉगवर सवलत आणि कार्यक्रमांना राखीव जागा. पहिल्याच कार्यक्रमात कळलं की ती उभं राहायची राखीव जागा आहे.

तर बसण्याबद्दल. जहांगीर आर्ट गॅलरीला जाणाऱ्यांना हा त्रास तितका जाणवत नाही. तिथे कलाकार भाडं भरून आठवडाभर हॉल घेतो, त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसतो, आणि आपण भिंतीलगत चित्रं बघत पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडतो. शिवाय तिथलं सामोवार कॅफे होतं तोवर पाय दुखले की तिथे चहा घेऊन टेकता यायचं. २०१५ ला तेही गेलं. आमच्या या गॅलरीत एकेक प्रदर्शन दीड-दोन महिने चालतं आणि त्यात निम्मं काम व्हिडिओचं असतं. भिंतीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: व्हिडिओ, ३८ मिनिटं, लूप. अडतीस मिनिटं! अंधाऱ्या खोलीत, लादीवर, उभ्याने. तुम्ही आत शिरता तेव्हा फिल्म कुठवर आली आहे ते देवाला आणि प्रोजेक्टरला ठाऊक. म्हणजे शेवट आधी बघायचा, मग सुरुवात, आणि "हे आपण पाहिलंय" असं वाटलं की निघायचं. माझ्या गुडघ्यांना हा प्रकार झेपत नाही. तरुण मुलं खाली मांडी घालून बसतात. मलाही बसता येतं, प्रश्न उठण्याचा आहे.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकडी आहेत, ओव्हलच्या कडेला टेकता येतं, सीएसएमटीला गाडीची वाट बघतानासुद्धा बसायला मिळतं. जिथे मुद्दाम थांबून, वेळ देऊन बघायचं, तिथेच नेमकी सोय नाही.

पावसाळ्यात एकदा वॉचमनदादांनी माझी अवस्था पाहिली आणि स्वतःची लाल प्लास्टिकची खुर्ची आत आणून दिली. "काकू, निवांत बघा." बसले. आयुष्यात पहिल्यांदा एक व्हिडिओ आर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि सांगते, आवडली. खाडीतल्या बोटीवर कॅमेरा ठेवलेला, मिनिटंच्या मिनिटं काही होत नाही, आणि मग पाणी उतरायला लागल्यावर तुमच्या लक्षात येतं की इतका वेळ भरती बघत होतो. उभ्याने मी हे कधीच पाहिलं नसतं, दहाव्या मिनिटाला बाहेर आले असते. इतक्यात तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडम आल्या. कलाकाराच्या सूचनेप्रमाणे खोलीत दुसरी कुठलीही वस्तू ठेवायची नाही, खुर्ची बाहेर न्यावी लागेल. मी म्हटलं, "वस्तूवर मी बसले आहे." त्या म्हणाल्या, "सॉरी मॅम, पण अनुभव बिघडतो." कुणाचा? खोलीत मी एकटीच होते.

घरी येऊन लांबलचक मेल लिहिला. उत्तर आलं ते वाचून जास्त भडकले: आम्हाला अनुदान प्रकल्पानुसार मिळतं, फर्निचरसाठी वेगळं हेड नाही. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, मला कुणी शिकवायला नको. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांपर्यंतच करता येतो, खातंही दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढावं लागतं, हे सगळं मान्य. पण प्रेक्षकाने ज्यावर बसून कलाकृती बघायची ते बाकडं प्रशासकीय खर्च कसं? तो प्रदर्शनाचाच खर्च झाला, जसा प्रोजेक्टरचा. हे त्यांना मुद्देसूद कळवलं. आठवडाभर सामसूम.

मग तिथे काम करणारी जेजे स्कूल ऑफ आर्टची एक मुलगी भेटली, तिच्याशी पायऱ्यांवर (अर्थात!) बसून बोलणं झालं, आणि माझं मत थोडं हललं. थोडंच. ती म्हणाली, काकू, प्रदर्शनाला पैसे देणारे सापडतात, कारण त्यांचं नाव भिंतीवर लागतं. विजेच्या बिलावर कुणाचं नाव लागत नाही. कंपन्यांचं विचाराल तर सीएसआरच्या, म्हणजे त्यांना समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत कला आणि संस्कृती आहे, पण राष्ट्रीय वारशाच्या ओळीत. खाडीत बोटीवर ठेवलेला कॅमेरा हा वारसा आहे हे बोर्डरूममध्ये पटवणं अवघड. चित्रं विकायची नाहीत, म्हणजे कमिशनही नाही. राहता राहिले आम्ही तीन हजारवाले. फोर्टात या क्षेत्रफळाचं भाडं काय असेल याचा अंदाज मला आहे, त्यामुळे जागा अजून उघडी आहे याचंच नवल वाटायला लागलं. कलेच्या अशाच छोट्या जागा बघा: रिगलजवळचं क्लार्क हाउस २०१० चं, कुलाब्यातलं मुंबई आर्ट रूम २०११ चं, खारच्या चुईम गावात गच्चीवर फिल्म दाखवणारं कॅम्प २००७ चं. अशा जागा मोठ्या संस्थांसारख्या सरकारच्या किंवा एखाद्या 'सर' किताबवाल्या शेठजींच्या देणगीच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या नाहीत. चार माणसांच्या हट्टावर उभ्या राहिल्या. हट्टी माणसांना बाकडं सुचत नाही, एवढंच.

दिवाळीनंतर बाकडं आलं! प्रदर्शनाच्या पेट्यांचं उरलेलं प्लाय वापरून केलेलं, पॉलिश नाही, पाठ नाही, आणि उंचीला इतकं बुटकं की उठताना शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा धरावा लागतो. तरी आलं. सोबत दाराशी एक कागद चिकटवला, त्यावर फिल्म पुढच्या वेळी कधी सुरू होणार ते पेनाने लिहितात. या कागदासाठी मी पाचपैकी एक तारा जास्त देते. बाकड्यावर मात्र बहुतेकदा कुणीतरी लॅपटॉप चार्जिंगला लावून बसलेलं असतं.

आता ज्यासाठी पैसे वसूल वाटले ते. हिवाळ्यात एक व्याख्यान झालं, मुंबईतल्या प्रयोगांबद्दल. चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली, आणि त्या पैशांतून त्यांनी १९६९ मध्ये नेपियन सी रोडवर व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढली. चित्रकारांनी कॅमेरा हातात घ्यावा, फोटो धुवावेत, फिल्म करावी, सगळ्यांनी एकमेकांकडून शिकावं. जेजेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी तिथे होत्या, त्यांनी तिथेच पहिल्या फिल्म केल्या. त्याआधी वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन, गायतोंडे यांचे स्टुडिओ, अल्काझींचं नाटक आणि रविशंकरांचं संगीत एकाच आवारात होतं. दोन्ही जागा टिकल्या नाहीत. वॉर्डन रोडवरून मी कितीदा बसने गेले असेन, पण हे मला माहीत नव्हतं, आणि शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमानंतर तासभर प्रश्नोत्तरं, कुणाला घाई नाही, वर कटिंग चहा. आणि त्या संध्याकाळी खुर्च्या होत्या! मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेल्या, पांढऱ्या कव्हरच्या. म्हणजे मिळतात.

बाकी थोडक्यात. हेडफोनचे फोम झिजलेत, आपले घेऊन जा. एसी व्हिडिओच्या खोलीत बर्फासारखा, बाहेर नावापुरता. रविवार-सोमवार बंद असतं. नोकरदारांनी शनिवार धरावा, रविवारी तसाही मेगाब्लॉक असतो. काळा घोडा फेस्टिव्हलच्या दिवसांत खाली रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण वर दुसऱ्या मजल्यावर शांतता असते. त्या आठवड्यात गेलात तर बाकडं मोकळं मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. बेल वाजवायला लाजू नका, दार बंद दिसलं तरी आत प्रदर्शन चालू असतं. अर्धे लोक तिथूनच परत जातात असं वॉचमनदादा सांगतात. काचेच्या दारावर "उघडे आहे" एवढी पाटी लावायला कुठलं अनुदान लागतं ते मी पुढच्या मेलमध्ये विचारणार आहे.

रिन्यूअलचं म्हणाल तर हे म्हणतात, या पैशांत वर्षभर नाटकं बघ. मी म्हणते, नाटकाला खुर्ची असते, मान्य, पण नाटकाला ५५० रुपये एका रात्रीत जातात. देणगीवरच्या करसवलतीची ८०जीची पावती वेळेवर आली, त्याच्या दाखल्याचा १०बीई फॉर्मही ३१ मेच्या आत आला. नवीन करप्रणालीत असल्यामुळे मला त्याचा शून्य उपयोग, पण कागद चोख ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत आपोआप बरं होतं. या वेळी त्यांनी १,००० रुपयांचा एक स्वस्त प्रकारही काढलाय, त्यात आदल्या दिवशीची फेरी नाही, बाकी सगळं आहे. तोच घेईन बहुतेक. फेरीत चालावंच लागतं.

टॉयलेट तळमजल्यावर आहे, चावी वॉचमनदादांकडे. साबण नसतो.