रावेन्नातलं निओनचं बाप्तिस्मागृह: पाच मिनिटं कशी वापरायची

इटलीतल्या रावेन्ना शहरातल्या या बाप्तिस्मागृहात, म्हणजे बाप्तिस्मा देण्यासाठी बांधलेल्या जुन्या ख्रिस्ती इमारतीत, फक्त पाच मिनिटं मिळतात, तीही तिकिटावर छापलेल्या वेळेलाच. याच शहरातल्या, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या नावाच्या समाधीलाही अशीच वेळ निवडावी लागते. दोन्ही ठिकाणं एकाच एकत्रित तिकिटात येतात, पण मधे पायी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. वेळा एकमेकींना चिकटून घेतल्या की दुसरी हुकते. मधे निदान अर्धा तास सोडावा.

कॅथेड्रलच्या शेजारची ही अष्टकोनी विटांची इमारत बाहेरून अगदी साधी, थोडी बुटकीच वाटते. जमीन खचत गेली आणि फरशी वर चढवत नेली, त्यामुळे मूळ तळ आज सुमारे 3 मीटर खाली गाडलेला आहे. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावर बिशप उर्सूसने ती बांधली आणि पाचव्या शतकाच्या मध्यानंतर बिशप निओनने मोझेकने, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांनी, मढवली. आठ बाजू म्हणजे आठवा दिवस: सात दिवसांचा आठवडा संपल्यावरचा, पुनरुत्थानाचा.

बहुतेक जण सगळा वेळ घुमटाचे फोटो काढण्यात घालवतात. आमचं म्हणणं, पहिली दोन मिनिटं खाली, कमानींवरच्या लॅटिन ओळींना द्या. एकीत बायबलमधलं स्तोत्र 32 आहे, ज्यांच्या पापांची क्षमा झाली ते धन्य. दुसरीत स्तोत्र 23, संथ पाण्याजवळ नेणारा मेंढपाळ. तिसरीत येशूचं पाण्यावरून चालणं. चौथी सर्वांत मोलाची, येशू शिष्यांचे पाय धुतो ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातली. चौथ्या शतकात मिलानमध्ये बिशप अँब्रोस बाप्तिस्म्यानंतर पाय धूत असे. रोममध्ये ही रीत नव्हती आणि अँब्रोसला तिचं समर्थन करावं लागलं. ही ओळ इथे असणं म्हणजे रावेन्नातही तसं होत असावं, याची बऱ्यापैकी भक्कम खूण.

मधलं अष्टकोनी संगमरवरी कुंड पुढच्या काळात जुने तुकडे वापरून पुन्हा जुळवलेलं आहे. त्याची खोली मोजून 'बाप्तिस्मा देताना इथे माणसाला पाण्यात बुडवत असत की डोक्यावर पाणी ओतत असत' हे ठरवायला जाऊ नका.

नंतरचं काम मूळचं समजण्याची ही चूक वर बघताना तर हमखास होते. घुमटाच्या मधोमध ख्रिस्त यार्देन नदीच्या कमरेइतक्या पाण्यात उभा, डावीकडे बाप्तिस्मा देणारा योहान वाटीतून त्याच्या डोक्यावर पाणी ओततोय. ती वाटी, तो हात, दोघांची डोकी आणि वरचं कबुतर हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीचं काम आहे. पाणी ओतण्याची सोय जुनीच आहे: 'दिदाखे' या सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणग्रंथात आधी वाहतं पाणी सांगितलंय, ते नसेल तर दुसरं, थंड न जमल्यास कोमट, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं असं आहे. पण त्याचा पुरावा म्हणून ही वाटी दाखवणं चुकीचं. मराठी कॅथलिकांचा 'स्नानसंस्कार' हा शब्द त्या जुन्या क्रमाला 'बाप्तिस्मा'पेक्षा जास्त उघडपणे जुळतो, हे जाता जाता.

उजवीकडे यार्देन नदी म्हाताऱ्याच्या रूपात पाण्यातून वर आलेली आहे, आणि शेजारी तिचं नावही लिहिलंय. मूळ कलाकारांनी पाण्यातून दिसणारं शरीर किती हलक्या हाताने साकारलंय, ते बघायला शेवटचं मिनिट राखून ठेवा. भोवतीचे बारा प्रेषित हातात मुकुट घेऊन चालतायत. तेवढ्यासाठी एक फेरी मारली की पुरे.

त्याच दिवशी एरियन बाप्तिस्मागृहही बघाच; एरियन म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारा ख्रिस्ती पंथ. गॉथ राजा थिओडोरिकच्या काळचं, निओनच्या कामानंतरचं. तिकीट वेगळं काढावं लागतं. भिंती उघड्या विटांच्या आहेत, कुंड नाही, फक्त घुमट उरलाय. पण तिथे योहानाचा रिकामा हात येशूच्या डोक्यावर ठेवलेला आहे, वाटीबिटी काही नाही. येशू बिनदाढीचा तरुण, आणि यार्देनच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर खेकड्याच्या नांग्या. वाटीचा वाद डोक्यात घेऊन आलात तर हा छोटा, रिकामा घुमट मोठ्यापेक्षा जास्त बोलतो. निओनचं आधी, हे नंतर, हाच क्रम ठेवा.