मलेरियाचा रॅपिड किट: कोकणच्या दमट हवेत कितपत भरवशाचा?

पीएफ (फाल्सिपेरम) आणि पीव्ही (व्हायव्हॅक्स) हे मलेरियाचे दोन्ही परजीवी दाखवणारा रॅपिड किट उपकेंद्रात, चिरेखाणीवरच्या वस्तीत किंवा बंदरावर खलाशांच्या तपासणीला घ्यावा का? घ्यावा. वीज लागत नाही, मायक्रोस्कोप लागत नाही आणि वीसेक मिनिटांत उत्तर मिळतं. खोक्यावर तापमानाची मर्यादा ठळक छापलेली असते, दमटपणाबद्दल एखादी बारीक ओळ. इथे घात करतो तो दमटपणाच.

पट्टीवर उमटणारी लाल रेघ सोन्याची असते. सराफाकडे मोडीत घालण्याइतकं सोनं त्यात नसतं, ते सोडा. साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे हे कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून लाल दिसतात. नुसते कण मीठ असलेल्या द्रावात गेले की एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळट-निळा होतो. म्हणून कणांवर आधी अँटीबॉडीचा, म्हणजे परजीवीचं प्रथिन पकडणाऱ्या रेणूंचा, लेप देतात आणि उरलेली जागा बहुधा अल्ब्युमिन या प्रथिनाने भरतात. असे लेप दिलेले कण साखरेच्या द्रावात मिसळून कॅसेटमधल्या, म्हणजे पट्टी बसवलेल्या प्लास्टिकच्या डबीतल्या, छोट्या पॅडवर वाळवलेले असतात. साखर कोरडी आहे तोवर लेप शाबूत. पाकिटात ओल शिरली की साखर मऊ पडते, कणांचे गठ्ठे होतात, अँटीबॉडी निकामी होते. मग बफर (रक्त पट्टीवरून पुढे वाहून नेणारा किटमधला द्राव) टाकला तरी कण पॅडमधून नीट सुटत नाहीत. पट्टीवर गुलाबी-करडा पट्टा पसरून राहतो आणि रेघ असली तरी ओळखू येत नाही.

त्यामुळे पाकीट फाडलं की आधी सिलिका जेलची पुडी बघायची. रंग बदलणारी पुडी असेल तर निळ्याची गुलाबी किंवा केशरीची हिरवी झालेली कॅसेट सरळ फेकायची. खोकी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून नकोत. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत तर नकोतच. आणखी एक चूक सर्रास होते: फ्रिजमधलं पाकीट काढून लगेच फाडणं. जुलैतल्या हवेत थंड कॅसेटवर लगेच दव धरतं. पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बोट टोचायची तयारी झाली की मग फाडा.

बोट स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यायचं, टोचल्यावर पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा. रक्त ५ मायक्रोलिटरच, किटमधल्या लूपने, रक्ताच्या खळग्यात. ‘थोडं जास्त घेऊ’ म्हणणाऱ्यांची पट्टी लाल होऊन बसते. बफरची बाटली उभी धरा, आडवी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. थेंब किती ते त्या किटच्या कागदावर असतं. एका कंपनीचा बफर दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटला चालत नाही, कारण मीठ आणि पीएच (आम्लता) वेगळे असले की तोच सोन्याचा लेप बिघडतो आणि खोटी रेघही उमटू शकते. निकाल कागदावर दिलेल्या वेळेतच, बहुतेक किटमध्ये १५ ते ३० मिनिटांत वाचायचा. तासाभराने दिसलेली रेघ धरायची नाही. वेळेत आलेली फिकट रेघ मात्र पॉझिटिव्हच.

किट चाललं का हे दाखवणाऱ्या कंट्रोलच्या रेघेवर लोक नको इतका विश्वास टाकतात. द्राव पट्टीभर वाहिला आणि सोन्याचे कण सुटले, एवढंच ती सांगते. मलेरिया दाखवणाऱ्या टेस्टच्या रेघेवरची अँटीबॉडी उष्णतेने मेली असली तरी कंट्रोल येऊ शकते.

बहुतेक किटमध्ये पीएफची रेघ परजीवीच्या एचआरपी-२ या प्रथिनावर चालते. औषधाने परजीवी मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून उपचार लागू पडला का, हे या किटवर बघू नये, तिथे मायक्रोस्कोपखाली बघायची रक्ताची स्लाइडच हवी. पीव्हीची रेघ परजीवीच्या एलडीएच या एन्झाइमवर असते, ती परजीवी गेल्यावर लवकर पुसली जाते, पण उष्णता आणि ओल यांना हीच आधी बळी पडते. एका मायक्रोलिटर रक्तात परजीवी २०० पेक्षा कमी असतील तर निगेटिव्हवर विसंबण्यात अर्थ नाही. ताप चालूच असेल तर स्लाइड काढून तपासणी पुन्हा करायची. भातलावणीनंतरच्या तापात लेप्टो आणि डेंग्यूही असतात, ते या पट्टीला दिसत नाहीत.

खरेदी करताना एकगठ्ठा मोठं खोकं घेण्यापेक्षा पावसाळ्यापुरते, प्रत्येक पाकिटात कॅसेट आणि पुडी असलेले किट घ्या. २५ कॅसेटमागे बफरची एकच बाटली देणारे किट स्वस्त दिसतात, पण दोन आरोग्यसेविका दोन वाड्यांवर निघाल्या की बाटली एकीकडे आणि कॅसेट दुसरीकडे.